आठवड्याचा दिनविशेष कसा तयार करावा : १ ते ७ ऑगस्टचा नमुना

शाळेच्या परिपाठात, सार्वजनिक वाचनालयाच्या दारातील फळ्यावर आणि अलीकडे गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकावरही 'दिनविशेष' या मथळ्याखाली चार-सहा ओळींचा मजकूर असतो. तो लिहिण्याचे काम बहुधा ज्याचे अक्षर चांगले त्याच्या गळ्यात पडते. माझ्याकडेही ते तसेच आले, आणि पहिली दोन वर्षे मी तयार याद्यांतून ओळी उतरवून घेण्यापलीकडे काही केले नाही. त्या काळात एकदा मी एका हयात गायिकेच्या वाढदिवसापुढे 'जयंती' असे लिहिले आणि ते दुपारपर्यंत कोणाच्याही लक्षात आले नाही. फळा कोणी वाचत नाही हे त्या दिवशी समजले. का वाचत नाही हे समजायला आणखी थोडा वेळ लागला. एका दिवसाच्या पंधरा नोंदी, त्यांतील बारा दूरदेशीच्या राजांच्या आणि खेळाडूंच्या, एकीचा दुसरीशी संबंध नाही आणि वाचणाऱ्याशी तर नाहीच, अशी ती यादी असे.

पुढे मी दोन गोष्टी बदलल्या. रोजचा मजकूर रोज सकाळी शोधण्याऐवजी संपूर्ण आठवड्याचा एकदम, निदान दहा दिवस आधी तयार करू लागलो, आणि यादी जगापासून सुरू न करता तालुक्यापासून सुरू करू लागलो. आठवडा एकत्र समोर ठेवला की नोंदींमधले धागे दिसतात आणि खात्री करायला सवडही मिळते. पुढची पद्धत समजावताना मी १ ते ७ ऑगस्ट हा आठवडा नमुन्यादाखल घेतला आहे, कारण आपल्याकडील इतिहास आणि जगाचा इतिहास त्यात जागोजागी एकमेकांत गुंतलेले आहेत.

आधी तालुका

एका मोठ्या कागदावर सात रकाने आखावेत आणि प्रत्येक रकान्याचा वरचा अर्धा भाग स्थानिक नोंदींसाठी राखून ठेवावा. तो भरला नाही तरी चालेल. परंतु खालचा भाग आधी भरू नये, कारण जगाच्या नोंदी तयार मिळतात आणि एकदा रकाना भरलेला दिसला की स्थानिक नोंद शोधण्याचा उत्साह मावळतो. स्थानिक तारखा मिळण्याची ठिकाणे अगदी साधी आहेत. शाळेच्या, पुलाच्या, बाजार समितीच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या कोनशिलेवर तारीख कोरलेली असते. वाचनालयाच्या जुन्या अहवालांत स्थापनेचा दिवस असतो. ग्रामपंचायतीच्या आणि सहकारी सोसायटीच्या जुन्या इतिवृत्तांत पहिली सभा, पहिले कर्ज, वीज आल्याचा दिवस अशा नोंदी सापडतात. जिल्हा गॅझेटिअर आणि मराठी विश्वकोश यांचा उपयोग त्यानंतर, म्हणजे हाती आलेली तारीख पडताळण्यासाठी करावा.

कोनशिला वाचताना तिच्यावरचे क्रियापद नीट पाहावे. भूमिपूजन, पायाभरणी आणि उद्घाटन हे तीन वेगळे दिवस असतात आणि त्यांच्यामध्ये कित्येकदा दहा वर्षांचे अंतर असते. त्यामुळे 'या दिवशी पूल झाला' असे लिहिण्यापूर्वी त्या दिवशी नेमके काय झाले ते पाहणे आवश्यक आहे. दुसरी सावधगिरी जन्मतारखांची. जुन्या पिढीतील असंख्य माणसांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून अशी आहे. ते काही योगायोगाने त्या दिवशी जन्मले नाहीत. घरच्यांना तारीख सांगता आली नाही म्हणून गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची सोयीची तारीख जनरल रजिस्टरमध्ये मांडली. गावातील एखाद्या स्वातंत्र्यसैनिकाची किंवा शाहिराची जयंती १ जूनला येत असेल तर घरच्यांकडे तिथीची किंवा सणाची काही आठवण आहे का, हे विचारल्याशिवाय ती फळ्यावर घेऊ नये.

जिल्ह्यांच्या सीमा बदललेल्या असतात, याचेही भान ठेवावे लागते. अण्णाभाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे झाला. ते गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जुन्या पुस्तकात सातारा आणि नव्यात सांगली असे दिसले म्हणून कोणीतरी चुकले आहे असे समजण्याचे कारण नाही. फळ्यावर 'वाटेगाव (तेव्हाचा सातारा, आताचा सांगली जिल्हा)' असे लिहिले की प्रश्न मिटतो.

तारीख कोणत्या कालगणनेतली आहे?

दिनविशेष लिहिणाऱ्यांची सर्वांत जास्त गल्लत येथे होते, म्हणून या भागावर मी जास्त वेळ घालवतो आणि इतरांनीही घालवावा असे मला वाटते.

शिवकाळातील मूळ नोंद शक आणि तिथीत असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत, त्यामुळे पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींना सामान्यतः ७९ मिळवावे लागतात. लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेल्या जेधे शकावलीत (शिवकाळातील घटनांच्या शकवार नोंदींत) शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया असा दिला आहे. येथे ७८ मिळवून १६२९ लिहिणारे मी पाहिले आहेत. तिथी फाल्गुनातली असल्यामुळे ते वर्ष १६३० होते, आणि दिवस १९ फेब्रुवारी. राज्याभिषेक मात्र शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा, म्हणजे ७८ मिळवून १६७४. तारीख ६ जून. दिवसापर्यंत अचूक रूपांतर हवे असेल तर बेरीज पुरेशी नाही, त्यासाठी जंत्री, म्हणजे तिथी आणि तारखांचे तयार कोष्टक, पाहावी लागते, आणि बहुतेक जुन्या वाचनालयांत एखादी जंत्री कपाटाच्या तळाशी असतेच. वद्य पक्षाच्या तिथी पाहताना एक आणखी लक्षात ठेवावे, ते असे की आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो आणि उत्तर भारतात पौर्णिमेला. त्यामुळे आपला फाल्गुन वद्य पक्ष तिकडच्या ग्रंथांत चैत्र कृष्ण पक्ष म्हणून येतो.

आता या दोन्ही तारखांची पुढची गंमत अशी की १९ फेब्रुवारी १६३० आणि ६ जून १६७४ या जुन्या, ज्युलियन कालगणनेतील तारखा आहेत. पोप ग्रेगरी यांच्या आज्ञेने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर धरण्यात आला आणि स्पेन-पोर्तुगालसारख्या कॅथलिक देशांनी तो बदल लगेच स्वीकारला. इंग्लंडने तो स्वीकारायला १७५२ साल उजाडले. त्या वर्षी तिकडे २ सप्टेंबरनंतर दुसरा दिवस १४ सप्टेंबरचा होता. परिणामी सतराव्या शतकात गोव्याच्या पोर्तुगीज कागदांतील आणि वेंगुर्ल्याच्या डच वखारीतील तारीख सुरत-मुंबईच्या इंग्रज वखारींतील तारखेपेक्षा दहा दिवसांनी पुढे असे. रायगडावर राज्याभिषेकाला हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याच्या हिशेबी जो ६ जून होता, तोच दिवस गोव्यातील पोर्तुगिजांच्या हिशेबी १६ जून होता. आपल्या इतिहासकारांनी त्या काळासाठी इंग्रजी, म्हणजे जुनी पद्धत रूढ केली आहे आणि तीच फळ्यावर ठेवावी; फक्त गोव्याच्या किंवा डचांच्या कागदांवरून घेतलेली नोंद तिच्या शेजारी मांडताना हे दहा दिवस वजा करायला विसरू नये.

त्याच इंग्रज कागदांत आणखी एक खाच आहे. १७५२ पूर्वी त्यांचे कायदेशीर नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे जानेवारी १६६४ मधील सुरतेच्या पहिल्या लुटीची इंग्रज पत्रे १६६३ सालची म्हणून नोंदलेली दिसतात. पानिपतच्या बाबतीत मात्र यातील कोणतीच अडचण नाही, कारण १४ जानेवारी १७६१ पर्यंत इंग्रजांनीही नवी गणना घेतली होती. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ ही तिथी ७९ मिळवून त्या वर्षाशी बरोबर जुळते. पेशवेकालीन मूळ पत्र हाती आले तर त्यावर बहुधा सुहूर सन आणि मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे त्या महिन्याचा दिवस, असतो ('छ' हे अक्षर त्या चंद्राचे). सुहूर सन मृग नक्षत्राच्या सुरुवातीला बदलतो, त्यामुळे जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारी ते मे यांसाठी ६०० मिळवून इसवी सन काढतात.

आपल्या नमुन्याच्या आठवड्यात ही बाब दोनदा येते. ३ ऑगस्ट १४९२ रोजी कोलंबस स्पेनमधील पालोस बंदरातून निघाला, ही तारीख अर्थातच जुन्या गणनेतली आहे, कारण नवी गणना तेव्हा जन्मलीच नव्हती. ती तशीच ठेवावी. (तसेच त्या दिवशी त्याने 'अमेरिकेचा शोध लावला' असे लिहू नये. त्या दिवशी तो फक्त निघाला.) रवींद्रनाथ टागोर यांचे निधन ७ ऑगस्ट १९४१ रोजी झाले, परंतु बंगालमध्ये तो दिवस बंगाली पंचांगाप्रमाणे २२ श्रावण म्हणून पाळतात आणि तो आज कधी ७ तर कधी ८ ऑगस्टला येतो. कोलकात्याच्या बातमीत ८ तारीख दिसली म्हणून आपला फळा पुसायची गरज नाही.

मध्यरात्र आणि परदेशी घड्याळ

लोकमान्य टिळकांचे निधन मुंबईत सरदारगृहात झाले ते ३१ जुलै आणि १ ऑगस्ट १९२० यांच्या मधल्या रात्री, बारा वाजून गेल्यावर. घड्याळाच्या हिशेबाने तो १ ऑगस्ट, वार रविवार. पंचांगाच्या हिशेबाने वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून तो अजून शनिवारच होता. 'पुण्यतिथी' या शब्दात तिथी आहे आणि आपण ती इंग्रजी तारखेला पाळतो, ही विसंगती आता इतकी रुळली आहे की तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही. तरी एखाद्या गावात कोणाची पुण्यतिथी तिथीने होत असेल तर फळ्यावर 'तिथीप्रमाणे' हा शब्द जोडावा आणि ती नोंद दर वर्षी नव्या पंचांगावरून पुन्हा काढावी.

वार तपासण्याची सवय मला फार उपयोगी पडली. जुन्या नोंदीत तारीख आणि वार दोन्ही असतील तर कोणत्याही भ्रमणध्वनीतील दिनदर्शिका मागे नेऊन ते जुळतात का ते पाहता येते. न जुळल्यास तारीख किंवा वर्ष यांपैकी काहीतरी उतरवताना चुकले आहे. वर्तमानपत्रावरून घेतलेल्या तारखांना ही कसोटी अवश्य लावावी, कारण अंकाची तारीख हीच घटनेची तारीख समजण्याची चूक सर्रास होते. 'केसरी' ४ जानेवारी १८८१ रोजी, मंगळवारी सुरू झाला आणि पुढे दीर्घकाळ साप्ताहिकच होता. रविवारी, १ ऑगस्टला घडलेली गोष्ट अशा पत्रात लवकरात लवकर मंगळवारी, ३ तारखेला येणार. दैनिकातही बातमी दुसऱ्या दिवशीची असते.

परदेशी घटनांत घड्याळाचा घोळ वेगळा असतो. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तो ६ ऑगस्ट १९४५ रोजी तेथील सकाळी सव्वाआठ वाजता. त्या क्षणी वॉशिंग्टनमध्ये ५ ऑगस्टची संध्याकाळ होती. याउलट नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवले तेव्हा अमेरिकेत २० जुलै १९६९ ची रात्र होती आणि भारतात २१ जुलैची सकाळ. माझा नियम असा की घटना जेथे घडली तेथील तारीख घ्यावी. चंद्रावर तारीख नसल्यामुळे तेवढ्यापुरती अमेरिकेची रूढ तारीख चालवून घ्यावी आणि 'भारतीय वेळेनुसार २१' असे जोडावे.

सात रकाने भरताना

तपासून झाले की निवड. १ ऑगस्टला आपल्याकडे टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊंची जयंती एकाच दिवशी, एकाच वर्षाच्या येतात. एक माणूस सरदारगृहात गेला त्याच दिवशी दुसरा वाटेगावात जन्मला. या योगायोगावर भाषणे पुष्कळ होतात, पण फळ्यावर त्याहून उपयोगी तिसरी गोष्ट आहे. गांधीजींनी असहकाराचा प्रारंभ करण्यासाठी ठरवलेला दिवसही १ ऑगस्ट १९२० हाच होता आणि त्या तारखेच्या पत्राने त्यांनी 'कैसर-ए-हिंद' हे पदक व्हॉइसरॉयना परत केले. टिळकांची अंत्ययात्रा गिरगाव चौपाटीकडे निघाली तो दिवस चळवळीचे नेतृत्व एका पिढीकडून दुसरीकडे जाण्याचा ठरला, हे तीन ओळींत सांगता येते. अण्णाभाऊंना मात्र या नोंदीची शेपटी करू नये. त्यांना स्वतंत्र जागा द्यावी आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी शाहीर म्हणून केलेले काम तेथे सांगावे. महसूल खात्याचा महसूल दिनही याच तारखेला असतो. तलाठी कार्यालयाशेजारी फळा असेल तर तो जरूर घ्यावा, एरवी सोडून द्यावा.

२ ऑगस्ट हा दादरा आणि नगर हवेलीचा मुक्तिदिन. ही घटना एका दिवसाची नाही, म्हणून ती लिहिण्याची पद्धत शिकण्यासारखी आहे. २१-२२ जुलै १९५४ च्या रात्री दादरा मुक्त झाले, त्यानंतर नरोली आणि २ ऑगस्टला सिल्व्हासा. हा प्रदेश भारतीय संघराज्यात विधिवत आला तो ११ ऑगस्ट १९६१ रोजी. अशा वेळी 'या दिवशी सिल्व्हासा स्वयंसेवकांच्या ताब्यात आले' असे नेमके लिहावे आणि अलीकडचा-पलीकडचा क्रम एका वाक्यात द्यावा. मराठी वाचकाला या नोंदीची गोडी लागते ती तिच्यात भाग घेणाऱ्यांपैकी एक सुधीर फडके होते हे कळल्यावर. ज्यांचा आवाज रेडिओवर ऐकला तो माणूस त्या पावसात तिथे होता, एवढे सांगितले की पुरते.

त्याच रकान्याच्या खालच्या भागात २ ऑगस्ट १९९० येते. इराकने कुवेत व्यापला त्या दिवशी. ही नोंद मी आधी दूरदेशीची म्हणून गाळत असे. नंतर लक्षात आले की रत्नागिरी-रायगडातील कित्येक घरांत ती घरगुती आठवण आहे, कारण घरातला कोणीतरी आखातात होता. अडकलेल्या १ लाख ७० हजारांच्या आसपास भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणले गेले. कोकणातील फळ्यावर ही नोंद कुवेतच्या अमिरापासून सुरू करू नये, परतलेल्या माणसांपासून करावी.

३ ऑगस्ट १९०० ही क्रांतिसिंह नाना पाटील यांची जन्मतारीख, गाव येडे मच्छिंद्र, तालुका पुन्हा वाळवाच. साताऱ्यातील प्रतिसरकार बहुतेकांना माहीत असते. ते १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर निवडून गेले, हे फारसे माहीत नसते, म्हणून बीडच्या फळ्यावर ते आवर्जून असावे. या आठवड्याच्या याद्यांत स्त्रिया जवळजवळ दिसतच नाहीत, आणि ते इतिहासात नव्हत्या म्हणून नव्हे तर याद्या तशा झाल्या म्हणून. येथे उपाय सोपा आहे. नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई पाटील यांनी स्वतः तुफान सेनेच्या, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाच्या, कामात भाग घेतला होता. नोंद वडिलांच्या जयंतीची असली तरी निम्म्या ओळी मुलीला देता येतात.

४ ऑगस्ट हा या आठवड्यातील माझा आवडता रकाना आहे. १९१४ मध्ये त्या दिवशी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. 'पहिले महायुद्ध' म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे फ्रान्समधले खंदक येतात. परंतु १९१६ च्या एप्रिलमध्ये मेसोपोटेमियात कूट येथे वेढ्यात उपाशी राहून जे सैन्य शरण गेले त्याचे नावच सहावी (पूना) डिव्हिजन होते आणि त्यात मराठा पलटणी होत्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला 'मिलिटरी' हे आडनाव लागले ते याच पिढीच्या सैनिकांमुळे. तेव्हा ही जागतिक नोंद वरच्या अर्ध्या भागात, स्थानिकांत, घालण्यास काहीच हरकत नाही. याच तारखेला १८४५ मध्ये मुंबईत फिरोजशहा मेहता आणि १९२९ मध्ये खांडव्यात किशोरकुमार जन्मले. आणि १९५६ मध्ये तुर्भ्याला (मुंबईतील ट्रॉम्बे येथे) 'अप्सरा' ही अणुभट्टी कार्यान्वित झाली, सोव्हिएत संघ वगळता आशियातील पहिली. 'पहिला', 'पहिली' हे शब्द दिनविशेषात फार स्वस्त झाले आहेत. कशात पहिली आणि कोणाला वगळून पहिली, हे सांगता येत नसेल तर तो शब्द वापरू नये.

५ तारखेचा स्थानिक भाग माझ्याकडे आजवर रिकामाच राहिला आहे. खाली १९६२ मध्ये नेल्सन मंडेला यांना झालेली अटक आहे, आणि १९६३ मध्ये मॉस्को येथे अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी केलेला वातावरणातील अणुचाचण्या थांबवण्याचा करार. मी करार घेतो, कारण ४ ची अप्सरा, ५ चा करार आणि ६ ची हिरोशिमा हे तीन दिवस मिळून एक सलग गोष्ट होते, आणि फळ्यावर ती सलग वाचली जाते. वर्षांचा क्रम मात्र १९४५, १९५६, १९६३ असा आहे. तारखांच्या ओघात वाचणाऱ्या मुलाला अणुभट्टी आधी आणि बॉम्ब नंतर असे वाटू नये म्हणून वर्ष ठळक खडूने लिहावे. ५ ऑगस्ट २०१९ चा अनुच्छेद ३७० विषयीचा निर्णय किंवा तत्सम ताजे राजकीय निर्णय मी घेत नाही. पंधरा-वीस वर्षे उलटेपर्यंत ते वर्तमानपत्राच्या टेबलावरच राहू द्यावेत, असे माझे मत आहे. यावर आमच्या वाचनालयात मतभेद आहेत.

७ ऑगस्ट १९०५ रोजी कोलकात्याच्या टाउन हॉलमधील सभेत विलायती मालावरील बहिष्काराचा ठराव झाला आणि त्याच्या स्मरणार्थ २०१५ पासून हा दिवस राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. येवल्यात किंवा पैठणात फळा असेल तर हीच त्या दिवसाची मुख्य नोंद, आणि रवींद्रनाथ दुसऱ्या क्रमांकावर. रवींद्रनाथांसाठीही आपल्याकडचा धागा आहे. विलायतेला जाण्यापूर्वी १८७८ मध्ये तरुण रवींद्रनाथ मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी राहिले होते आणि त्यांच्या मुलीला, अन्नपूर्णेला, त्यांनी 'नलिनी' हे नाव दिले होते.

मजकूर लिहिताना

एका दिवसाला एक मुख्य नोंद साठ ते ऐंशी शब्दांची आणि फार तर दोन एकेका ओळीच्या. मुख्य नोंदीत तारीख आणि वर्ष, गावाचे नाव, त्या दिवशी नेमके काय झाले, आणि वाचणाऱ्याच्या परिसराशी असलेला एक दुवा एवढे आले की थांबावे. उदाहरणार्थ : '४ ऑगस्ट १९१४. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि भारतही त्यात ओढला गेला. पुणे विभागाचे नाव धारण करणारी सहावी डिव्हिजन इराकमध्ये लढली. कूटचा वेढा संपल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरणागती पत्करावी लागली. तीत मराठा पलटणींचे जवान होते. आपल्या गावातून या युद्धात गेलेल्यांची नावे कोणाच्या घरी नोंदलेली असल्यास वाचनालयात कळवावे.' शेवटच्या वाक्यावरून वरचा अर्धा रकाना भरण्यास मदत होते, म्हणून ते जागा गेली तरी ठेवावे.

शब्द जपून वापरावेत. जयंती दिवंगतांची, वाढदिवस हयातांचा. खात्री नसेल तर 'जन्म' लिहावे, तो दोघांनाही चालतो. निधन, हत्या, फाशी आणि हौतात्म्य हे शब्द एकमेकांऐवजी वापरू नयेत. शताब्दीचा हिशेबही अनेकदा एकाने चुकतो. १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्याला १ ऑगस्ट २०२० रोजी शंभर वर्षे पूर्ण झाली, आणि जन्मशताब्दी वर्ष बहुधा त्याच्या आधीच्या बारा महिन्यांत साजरे होते. 'शंभरावी' की 'एकशे एकावी' या वादात पडण्यापेक्षा 'जन्माला अमुक वर्षे पूर्ण' असे लिहिणे सुरक्षित असते.

लिहिलेला आठवडा पुसण्यापूर्वी वहीत उतरवून ठेवावा आणि प्रत्येक नोंदीसमोर ती कोठून घेतली आणि कशावरून पडताळली हे दोन रकाने ठेवावेत. पुढील वर्षी तोच आठवडा आला की मुख्य नोंद बदलावी. टिळक या वर्षी मुख्य असतील तर पुढच्या वर्षी अण्णाभाऊ. कोणी चूक दाखवली तर दुरुस्ती त्याच फळ्यावर, तितक्याच मोठ्या अक्षरात लिहावी.

राहता राहिला आठवड्याच्या कडेचा प्रश्न. १९४२ मध्ये मुंबईत गवालिया टँक मैदानावर अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक सुरू झाली ती ७ ऑगस्टला. 'छोडो भारत'चा ठराव मंजूर झाला ८ च्या रात्री आणि नेत्यांची धरपकड झाली ९ च्या पहाटे. फळा ७ ला संपतो म्हणून ही घटना संपूर्णपणे पुढच्या आठवड्यात ढकलण्याचे कारण नाही. ७ च्या तळाशी 'आज गवालिया टँकवर बैठक सुरू. ठराव उद्या रात्री' एवढेच लिहावे आणि त्याच्यापुढे बाण काढावा.